मनीला बटाटा द्यावा का?

एकादशीचा दिवस होता. घरात मोठ्या माणसांचा उपास. चुलीवर बटाटे उकडून झाले होते. सूनबाई ते सोलत बसली होती. तूप, जिरं, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट घालून उपासाची भाजी करायची होती.

मनी चुलीपाशी येऊन बसली. मनी म्हणजे घरची मांजर. सारखी पायांत घोटाळत होती, म्याऊ म्याऊ करत होती. धाकट्या नातीला तिची दया आली. तिने उकडलेल्या बटाट्याचा एक तुकडा मनीपुढे टाकला. मनीने तो हुंगला, चाटला आणि खाऊन टाकला.

आजी म्हणाली, "अगं पोरी, मांजराला बटाटा कशाला घालतेस? बाधेल ना तिला!"

नात म्हणाली, "आजी, आपण खातोच की. आपल्याला कुठं बाधतो?"

सून म्हणाली, "आत्याबाई, शेजारच्या बोक्यानं चार दिवसांमागं बटाट्याची भाजी खाल्ली म्हणे. वाटीभर उरली होती, सगळी फस्त केली. कालपासून मान टाकून पडलाय."

आजी म्हणाली, "तेच म्हणते मी. बटाटा मांजराला विषच!"

आता यात खरं कोणाचं? आजीचं की नातीचं? शेजारचा बोका बटाट्याने आजारी पडला का? की कारण दुसरंच होतं? चला, नीट समजून घेऊ.

मांजराचं खरं अन्न कोणतं?

काही प्राणी गवत-पाला खातात. गाय, बैल, शेळी ही तशी जनावरं. काही प्राणी दोन्ही खातात. माणूस भाकरी खातो आणि मटणही खातो. कुत्र्याचंही बरंचसं तसंच आहे. पण मांजराची जात निराळी. मांजर हे वाघाच्या कुळातलं. त्याचं खरं अन्न मांस. उंदीर, घूस, पाखरू, मासा यांवर ते वाढतं.

त्याचे दात पाहा. पुढचे सुळे टोकदार. मागच्या दाढा कात्रीसारख्या. मांस कापायला त्या चांगल्या. पण दाणा दळायला जात्यासारख्या सपाट दाढा लागतात. तशा मांजराला नाहीत.

आणखी एक गंमत पाहा. भाकरीचा घास तोंडात घ्या आणि बराच वेळ चावत राहा. हळूहळू तो गोड लागू लागतो. असं का होतं? आपल्या लाळेत एक रस असतो. तो भाकरीतल्या पिठाची साखर करू लागतो. म्हणजे आपलं पचन तोंडातच सुरू होतं. मांजराच्या लाळेत हा रस नसतो. त्याच्या आतड्यात असा रस उतरतो, पण थोडा. म्हणून शिजवलेलं पीठ त्याला थोडंफार पचतं, जास्त झालं की पोट बिघडतं.

आणि मांजराला गोड चवच कळत नाही. त्याच्या जिभेवर ती जाणण्याची सोय नाही. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी २००५ साली शोधून काढली. मग मनीने बटाटा का खाल्ला? तिला उपासाच्या तुपाचा वास आला. घरातल्यांच्या हातचं काही तरी हवं होतं. शिवाय भूकही असेल. मांजराने एखादी वस्तू खाल्ली म्हणजे ती त्याला मानवते, असं मुळीच नाही.

मांसातच मिळणारी गोष्ट

कोणी म्हणेल, "आमचं मांजर तर वर्षानुवर्षं दूधभाकरीवर जगलं. त्याला काय झालं?"

बरोबर आहे. पण ते नुसत्या दूधभाकरीवर जगत नव्हतं. तुम्ही झोपल्यावर ते कणगीमागे, माळ्यावर, गोठ्यात शिकार करत होतं. त्याचं खरं जेवण तिथं होत होतं. दूधभाकर ही वरकड.

मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचा एक पदार्थ रोज लागतो. आपलं शरीर तो स्वतः तयार करतं. मांजराला तो पुरेसा तयार करता येत नाही. त्याला तो बाहेरून मिळवावा लागतो. मांसात आणि माशात तो असतो. बटाट्यात, भाकरीत, भातात तो नसतो. तो मिळाला नाही तर मांजराची नजर जाऊ लागते. हे शास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवून दिलं. पुढे १९८७ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. टॉरिन कमी पडलं तर मांजराचं काळीजही दुबळं होतं, सैल पडतं आणि ते मरू शकतं.

म्हणून घरात कोंडलेल्या मांजराला नुसता बटाटा-भात घालून ठेवणं बरं नव्हे. पोट भरलेलं दिसेल. पण आतून ते खंगत जाईल.

आपल्याकडे एक समजूत आहे. मांजर उपाशी ठेवलं की उंदीर जास्त मारतं. ही समजूत चुकीची आहे. शिकार हा मांजराचा स्वभाव आहे. पोट भरलेलं मांजरही उंदरावर झडप घालतं. उलट उपाशी मांजर अशक्त होतं, उकिरडा हुंगत हिंडतं आणि नको ते खातं. कणगीतल्या धान्याची राखण करायची असेल, तर मांजर धडधाकट पाहिजे. ते आजारी पडलं तर उंदरांचं फावतं. नुकसान शेवटी आपल्याच घराचं होतं.

बटाट्यात काय असतं?

बटाटा मुळात आपल्याकडचा नाही. त्याचं मूळ गाव दूर दक्षिण अमेरिकेत. तिथल्या अँडीज डोंगरात लोक हजारो वर्षं तो पिकवत होते. समुद्रावाटे तो युरोपात गेला. पोर्तुगीज लोकांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. आपला 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. आज पुणे जिल्ह्यात आंबेगाव, खेड या तालुक्यांत शेतकरी मोठ्या प्रमाणात बटाटा लावतात.

१०० ग्रॅम बटाटा घेतला, तर त्यात जवळजवळ ८० ग्रॅम पाणीच असतं. १५-१७ ग्रॅम पिठूळ भाग असतो. त्यालाच स्टार्च म्हणतात. अंग भरणारं प्रथिन फक्त २ ग्रॅमच्या आसपास असतं. माणसाला बटाटा चांगला. पोट भरतो, ताकद देतो. पण मांजराला जे हवं, ते प्रथिन त्यात फार थोडं.

म्हणून आजीचं आणि नातीचं, दोघींचंही थोडं थोडं खरं आहे. चांगला, पिकलेला, सोलून उकडलेला साधा बटाटा मांजराला विष नाही. एखादा तुकडा कधीमधी खाल्ला तर ते मरत नाही. पण तो त्याचं अन्नही नाही. तो नुसता खाऊ आहे.

द्यायचाच असेल तर कसा द्यावा?

पोरांना हौस असते. मनीला काही तरी द्यावं असं वाटतं. मग एवढं पाळा.

बटाटा चांगला घ्या. हिरवा नको, कोंब आलेला नको, सडका नको. तो सोला. पुरता मऊ उकडा. कच्चा बटाटा मांजराला पचत नाही. त्यात मीठ, तिखट, मसाला, फोडणी काहीही घालू नका. गार होऊ द्या. मग बोटाने कुस्करा, म्हणजे घशात अडकणार नाही.

किती द्यावा? आपल्या घरचं मांजर साधारण ३ ते ४ किलो वजनाचं असतं. माणूस त्याच्या पंधरा-वीस पट जड. आपल्याला जो घास लहान वाटतो, तो त्याला मोठा असतो. म्हणून हरभऱ्याच्या दाण्याएवढे दोन-तीन तुकडे पुरेत. तेही रोज नको. आठवड्यातून एखाद्या वेळेस ठीक. लहान पिलांना, गाभण मांजरीला आणि आजारी मांजराला तर देऊच नका. त्यांच्या पोटात जागा थोडी असते. ती मांसमाशांसाठी राहू द्या.

बटाटेवडा, वेफर, बटाट्याची तळलेली कापं, हे मांजरापुढे टाकू नका. त्यात तेल आणि मीठ फार. वड्यात तर लसूणही असतो. लसणाचं पुढे सांगतोच.

हिरवा बटाटा: सगळ्यांनाच धोका

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. ही फक्त मांजरापुरती नाही. आपल्यापुरतीही आहे.

बटाट्याचं झाड वांगं, टोमॅटो, मिरची यांच्या कुळातलं. धोतराही त्याच कुळातला. या कुळातली पुष्कळ झाडं किडींपासून आणि जनावरांपासून स्वतःला जपण्यासाठी अंगात कडू विष तयार करतात. बटाट्याच्या विषाला सोलॅनिन म्हणतात. त्याच्या जोडीला चॅकोनिन नावाचं दुसरं विष असतं. ही विषं बटाट्याच्या पाल्यात, फुलात आणि कोंबात पुष्कळ असतात. चांगल्या बटाट्याच्या गरात ती इतकी थोडी असतात, की आपल्याला काही होत नाही.

पण बटाटा उजेडात पडून राहिला, की त्याच्या सालीवर हिरवी झाक येते. हिरवा रंग पानात असतो तोच. तो रंग स्वतः विषारी नाही. पण ज्या उजेडाने रंग येतो, त्याच उजेडाने सालीखाली सोलॅनिनही वाढतं. हिरवा रंग हा जणू इशाऱ्याचा बावटा आहे. बटाट्याला कोंब फुटले, मार लागला, तरी हे विष वाढतं.

कोणी म्हणेल, "उकडला की विष जाईल." नाही. उकडल्याने सोलॅनिन नाहीसं होत नाही. तळल्यानेही पुरतं जात नाही. विष बहुतेक सालीत आणि कोंबांच्या डोळ्यांत असतं. थोडासाच हिरवा डाग असेल, तर साल जाड काढून तो भाग कोरून टाकावा. बटाटा बराच हिरवा असेल किंवा खाताना कडू लागला, घशात खवखवला, तर तो थुंकून द्यावा. तो खाऊच नये.

लंडन शहरातली एक घटना सांगतो. १९६९ साली तिथल्या एका शाळेत मुलांना दुपारच्या जेवणात बटाटे दिले. ते बटाटे उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच्या पोत्यातले, जुने होते. जेवल्यावर ७८ मुलं आजारी पडली. ओकाऱ्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या. १७ मुलांना इस्पितळात ठेवावं लागलं. सुदैवाने सगळी मुलं बरी झाली. एक जुनं पोतं, आणि केवढा घोर!

जिथं माणसाच्या पोरांची ही गत, तिथं तीन किलोच्या मांजराचं काय? त्याला थोडं विषही पुष्कळ होतं. म्हणून हिरवे बटाटे आणि मोड आलेल्या बटाट्यांच्या साली मांजराला मिळतील अशा ठिकाणी टाकू नका.

गुरांनाही हाच धोका आहे. हिरवे बटाटे आणि बटाट्याचा पाला गव्हाणीत घालू नका. अख्खा बटाटा तर गाईच्या घशात अडकतो. मग तिचा श्वास कोंडतो, पोट फुगतं. हिरवे बटाटे खड्डा करून पुरून टाकावेत.

बटाटे कसे ठेवावेत? अंधारात, कोरड्या आणि हवेशीर जागी. वर गोणपाट झाका. उन्हात किंवा खिडकीजवळ ठेवू नका. शेतातही बटाटा मातीबाहेर डोकावला की हिरवा पडतो. म्हणून रोपांना मातीची भर वेळेवर द्यावी.

खरा चोर कोण?

आता शेजारच्या बोक्याकडे वळू.

त्याने खाल्लेली भाजी कोणती होती? कांदा-बटाट्याची. वर लसणाची फोडणी. बटाटे ताजे होते, चांगले होते. घरच्या माणसांनी तीच भाजी खाल्ली, त्यांना काही झालं नाही. मग बोका का पडला?

चोर होता कांदा. सोबतीला लसूण.

कांदा माणसाला गुणाचा. पण मांजराला तो विषासारखा. मांजराच्या रक्तात तांबड्या पेशी असतात. श्वासातली हवा अंगभर पोचवणं हे त्यांचं काम. कांद्यातले काही पदार्थ या पेशींना इजा करतात. इजा झालेल्या पेशी फुटतात. रक्त पातळ आणि निकस होतं. मांजराला धाप लागते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद तांबूस होते. ते मान टाकून पडतं.

हे लगेच होत नाही. खाल्ल्यावर काही दिवसांनी होतं. म्हणून कांद्यावर कोणाचा संशय जात नाही. बदनाम होतो बटाटा.

किती कांदा बाधतो? मांजराच्या दर किलो वजनामागे ५ ग्रॅम कांदाही रक्त बिघडवायला पुरतो. म्हणजे ३ किलोच्या मांजराला १५ ग्रॅम. लहान कांद्याचा एक चतकोर झाला, बस्स! कांदा कच्चा असो, शिजवलेला असो की वाळवलेला, बाधतोच. लसूण तर कांद्याहूनही जहाल.

म्हणून उरलेली भाजी, आमटी, रस्सा मांजराच्या परळात ओतू नका. भाकरी कुस्करून द्यायची तर कांदा-लसणाच्या रश्श्यात भिजवू नका. मटणाचा रस्सादेखील नको. त्यापेक्षा मसाला घालण्याआधी मटणाचा किंवा माशाचा एक तुकडा बाजूला काढा. तो साधा उकडून, हाडं-काटे काढून मांजराला द्या. अंडं उकडून दिलं तरी चालतं. ज्या घरात मांस-मासे शिजत नाहीत, तिथं मांजराला बाहेर हिंडू द्यावं. उंदीर त्याचा तो मिळवील.

खाल्लंच तर काय करावं?

मांजराने हिरवा बटाटा, कोंब किंवा कांद्याची भाजी खाल्ली असं कळलं, तर घाबरू नका. पण वाटही पाहत बसू नका.

काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा खाल्लं, हे आठवून कागदावर लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येतं. ही विद्या अशाच वेळी उपयोगी पडते. मग मांजराला टोपलीत घाला, वर फडकं बांधा आणि जनावरांच्या दवाखान्यात न्या. उरलेली भाजी किंवा साल दाखवायला बरोबर घ्या.

ओकारी काढण्यासाठी मिठाचं पाणी पाजू नका. त्याने मांजराला आणखी अपाय होतो. तेल, ताक, झाडपाल्याचा रस घशात ओतू नका. तो श्वासनळीत जातो. साधं पाणी पुढे ठेवा. प्यायचं तर ते पिईल.

ओकारी, जुलाब, तोंडातून लाळ, झोकांड्या, पांढुरक्या हिरड्या, गडद लघवी, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी निघा.

शेवटी काय झालं?

सूनबाईने शेजारणीला कांद्याची गोष्ट सांगितली. शेजारणीने बोक्याची हिरडी उचलून पाहिली. ती चुन्यासारखी पांढरी दिसत होती. तिच्या नवऱ्याने बोका टोपलीत घातला आणि तालुक्याचा जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" त्याने कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: 'कांदा-बटाट्याची भाजी, एक वाटी, सोमवारी रात्री.' डॉक्टर म्हणाले, "बरं झालं लिहून आणलंत. कारण शोधण्यात वेळ गेला नाही."

बोका लगेच बरा झाला नाही. पुष्कळ दिवस तो ओसरीवर पडून होता. पण जगला. त्या दिवसांत शेजारणीच्या ज्वारीच्या पोत्याला उंदरांनी दोन भोकं पाडली. तेव्हा तिला बोक्याची किंमत कळली.

आणि मनी? ती अजून एकादशीला चुलीपाशी येऊन बसते. नात तिला हरभऱ्याएवढे दोन तुकडे देते. तूप-मिरची घालण्याआधी, बाजूला काढून. आजी पाहते आणि म्हणते, "बास आता. उरलेलं तिचं जेवण कणगीमागं आहे!"

एवढं ध्यानात ठेवा

१. मांजराचं खरं अन्न मांस. बटाटा हा नुसता खाऊ.

२. चांगला, सोललेला, उकडलेला, बिनमिठाचा बटाटा कधीमधी, हरभऱ्याएवढे दोन-तीन तुकडे चालतात.

३. कच्चा, हिरवा किंवा कोंब आलेला बटाटा मांजराला, गुरांना आणि माणसांना, कोणालाच नको.

४. कांदा आणि लसूण मांजराला कधीही नको. शिजवलेलाही नको.

५. बटाटे अंधारात, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवा.

६. मांजर आजारी दिसलं तर काय खाल्लं ते लिहून घ्या आणि दवाखान्यात न्या.